दीर्घकालीन आजारांवरील औषधांचा वार्षिक खर्च : तो कोठे वाढतो, कोठे कमी करता येतो

मधुमेह, उच्च रक्तदाब, थायरॉइडचे विकार, हृदयविकार, दमा अशा आजारांवरील औषधे एकदा सुरू झाली की ती बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच येतो आणि त्यासाठी घरात तरतूद केली जाते. दरमहा औषधांच्या दुकानात चुकते होणारे हजार-दोन हजारांचे बिल मात्र किराणा-भाजीच्या खर्चात मिसळून जाते. वर्षअखेरीस त्याची बेरीज सहसा कोणी करीत नाही. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या दाम्पत्यातील दोघांनाही औषधे चालू असतील, तर ही बेरीज अनेकदा घरपट्टी, वीजबिल आणि विम्याचा हप्ता या तिन्हींच्या एकत्रित रकमेपेक्षा मोठी भरते.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या 'इंडियाब' पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी नागरिकांनी थेट स्वतःच्या खिशातून केलेला खर्च २००४-०५ मध्ये ६९.४ टक्के होता. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांपर्यंत खाली आला. ही घट महत्त्वाची असली तरी नेहमीच्या गोळ्यांच्या बाबतीत तिचा अनुभव कमीच येतो, कारण बहुतेक आरोग्यविमा पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचाच खर्च देतात.

खर्च आवाक्याबाहेर जाऊ लागला की अनेक रुग्ण सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक मार्ग निवडतात. गोळी एक दिवसाआड घेतली जाते, दोनऐवजी एक घेतली जाते किंवा महिन्याची औषधे सव्वा महिना पुरवली जातात. रक्तदाब वाढला तरी बहुधा दुखत-खुपत नाही. त्यामुळे गोळी टाळल्याचा परिणाम लगेच जाणवत नाही. तो कधी पक्षाघाताच्या, तर कधी मूत्रपिंड निकामी होण्याच्या रूपाने समोर येतो. वास्तविक गोळ्यांची संख्या न घटवताही वार्षिक खर्च लक्षणीय कमी करता येतो. भारतात एकच औषध, एकाच वेळी, एकाच रस्त्यावरील दुकानांत कित्येक निरनिराळ्या दरांनी विकले जाते, आणि त्यांपैकी कोणता दर आपल्या वाट्याला येतो हे बरेचसे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे यावर अवलंबून असते.

एकच औषध, अनेक नावे

प्रत्येक औषधाला एक मूळ नाव असते. टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, अ‍ॅटोर्वास्टॅटिन ही अशी नावे आहेत. कंपन्या हेच औषध आपापल्या व्यापारी नावाने, म्हणजे ब्रँडने विकतात. पेटंटची मुदत संपलेल्या एखाद्या औषधाचे भारतात शंभराहून अधिक ब्रँड असणे ही नवलाची गोष्ट नाही. आतील घटक आणि त्याचे प्रमाण सारखेच असते. डॉक्टरांपर्यंत केलेला प्रचार, कंपनीचे नाव, वेष्टन आणि दुकानदाराला मिळणारा नफा यांनुसार किंमत बदलते.

ब्रँडनावे हद्दपार करावीत हा विचार नवा नाही. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ मध्येच ब्रँडनावांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली होती. अर्धे शतक उलटूनही ती अमलात आलेली नाही. वैद्यक व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेने डॉक्टरांना शक्यतो मूळ नावाने औषध लिहिण्यास सांगितले आणि २०१६ च्या दुरुस्तीने ते नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे अशी भर घातली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये मूळ नाव बंधनकारक करणारी नियमावली जारी केली, मात्र डॉक्टरांच्या संघटनांच्या विरोधानंतर त्याच महिन्यात ती स्थगित करण्यात आली.

किंमत कशी ठरते

औषधांच्या किमतींवर १९९७ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण देखरेख ठेवते. सध्याचे नियंत्रण औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ या अन्वये चालते. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असलेल्या औषधांना कमाल किंमत ठरवून दिली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या यादीत ३८४ औषधे आहेत.

ही कमाल किंमत काढण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. बाजारात ज्या ब्रँडांचा वाटा एक टक्का किंवा त्याहून अधिक आहे, त्यांच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी घेतली जाते आणि तीत १६ टक्के किरकोळ नफा मिळवला जातो. २०१३ पूर्वी किंमत उत्पादनखर्चाच्या आधारे ठरत असे. आता ती बाजारभावाच्या सरासरीवरून ठरते. महागडे ब्रँडच अधिक खपत असतील तर सरासरीही त्यांच्याकडे झुकते. सर्वांत महाग ब्रँडला चाप बसतो हे खरे. परंतु कमाल किंमत म्हणजे स्वस्त किंमत नव्हे, हे ग्राहकाने लक्षात ठेवलेले बरे.

यादीतील औषधांच्या कमाल किमती दरवर्षी एप्रिलमध्ये घाऊक किंमत निर्देशांकानुसार बदलतात. २०२३ मध्ये त्या १२.१२ टक्क्यांनी वाढू दिल्या गेल्या, २०२४ मध्ये वाढ जवळपास शून्य होती आणि २०२५ मध्ये ती १.७४ टक्के होती. यादीबाहेरच्या औषधांना कमाल किंमत नाही. त्यांची छापील किंमत बारा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, एवढेच बंधन आहे. ते वाटते तितके कडक नाही. दरवर्षी पूर्ण दहा टक्के वाढ झाली, तर शंभर रुपयांचे औषध पाच वर्षांत १६१ रुपयांना जाते. निवृत्तिवेतन त्या गतीने वाढत नाही.

आणखी एक बारकावा आहे. यादीत औषधाच्या नावाबरोबर त्याची मात्रा आणि स्वरूपही नमूद असते. नियंत्रण तेवढ्यालाच लागू होते. दोन-तीन औषधे एकत्र केलेल्या अनेक मिश्र गोळ्या यादीत नाहीत. काही मिश्रणांची किंमत प्राधिकरण स्वतंत्रपणे ठरवते, तर काहींची कंपनी ठरवते. त्यामुळे रक्तदाबाची दोन औषधे एकाच गोळीत घेणे स्वस्त पडते की वेगवेगळी घेणे, याचे एकच उत्तर नाही. काही वेळा मिश्र गोळी स्वस्त असते, काही वेळा दोन साध्या गोळ्या मिळून निम्म्या दरात येतात. हिशेब प्रत्यक्ष करूनच पाहावा लागतो आणि बदल डॉक्टरांच्या संमतीनेच करावा लागतो. एकच गोळी घेणे वृद्धांना सोपे जाते आणि डोस चुकत नाहीत, ही बाजूही डॉक्टर विचारात घेतात.

प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' या संकेतस्थळावर आणि मोबाइल अ‍ॅपवर औषधाचे नाव टाकून त्याची कमाल किंमत व इतर ब्रँडांचे दर पाहता येतात. तुलना करताना स्ट्रिपची किंमत न पाहता एका गोळीची किंमत काढावी. कारण कोणाच्या स्ट्रिपमध्ये दहा गोळ्या असतात, कोणाच्या पंधरा, तर थायरॉइडच्या गोळ्या बाटलीत येतात.

जनऔषधी केंद्रे

मूळ नावाने औषधे विकणारी सरकारी पुरस्कृत दुकाने ही या प्रश्नातील सर्वांत सरळ वाट आहे. पहिले जनऔषधी केंद्र २५ नोव्हेंबर २००८ रोजी अमृतसर येथे सुरू झाले. पहिली काही वर्षे योजना रखडली. केंद्रे थोडी, त्यातही माल अपुरा, अशी स्थिती होती. पुढे 'प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना' या नावाने तिचा विस्तार करण्यात आला. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी देवघर येथील 'एम्स'मध्ये दहा हजारावे केंद्र सुरू झाले आणि २०२५ च्या प्रारंभी ही संख्या १५ हजारांवर पोहोचली. दोन हजारांहून अधिक औषधे योजनेच्या यादीत आहेत.

येथील किंमत ठरवताना बाजारातील आघाडीच्या तीन ब्रँडांच्या सरासरी किमतीच्या फार तर निम्मी असावी, असा दंडक आहे. प्रत्यक्षात अनेक औषधांबाबत हा फरक ५० ते ८० टक्के आणि काहींबाबत त्याहूनही अधिक आहे. खरेदी जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादननियमांचे प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यांकडूनच होते आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासल्यावर केंद्रांकडे पाठवली जाते.

मधुमेहावरील सिटाग्लिप्टिन या औषधाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या पेटंटची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ते जनऔषधी केंद्रांवर आले. सिटाग्लिप्टिन ५० मिलिग्रॅम व मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम यांच्या दहा मिश्र गोळ्यांचा दर तेथे ६५ रुपये ठरला. त्या वेळी या गटातील ब्रँडेड गोळ्यांची स्ट्रिप १६२ ते २५८ रुपयांना मिळत होती. दिवसातून दोन गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला वर्षाला ७३० गोळ्या लागतात. त्या दरांनी जनऔषधी केंद्रातील वर्षाचा खर्च ४,७४५ रुपये होतो. १६२ रुपयांच्या स्ट्रिपने तोच ११,८२६ रुपयांवर जातो. एका रुग्णाच्या एका औषधावरील हा फरक सात हजारांहून अधिक आहे.

या केंद्रांची उणीव म्हणजे प्रत्येक औषध प्रत्येक वेळी उपलब्ध असेलच असे नाही. एखाद्या महिन्यात नेमकी हवी ती मात्रा संपलेली असते आणि रुग्णाला दुसऱ्या केंद्राचा शोध घ्यावा लागतो. यासाठी औषधे संपण्यापूर्वी आठ-दहा दिवस आधीच चौकशी करणे सोयीचे ठरते. 'जनऔषधी सुगम' या अ‍ॅपवर जवळचे केंद्र आणि औषधाचा दर पाहता येतो; १८०० १८० ८०८० हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही आहे. केंद्रात ब्रँडचे नाव सांगून उपयोग होत नाही. चिठ्ठीवरील ब्रँडसमोर मूळ नाव व मात्रा लिहून घेतली असेल तर काम सोपे होते. स्ट्रिपच्या मागील बाजूस हे नाव छापलेले असतेच.

कर्करोग व हृदयरोगावरील महाग औषधांसाठी 'अमृत' औषधालये हा दुसरा पर्याय आहे. एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीमार्फत ती चालवली जातात. पहिले औषधालय नोव्हेंबर २०१५ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'मध्ये सुरू झाले. ही दुकाने मुख्यतः मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात आढळतात आणि तेथे ब्रँडेड औषधेही सवलतीत मिळतात.

'जेनेरिक' मागितले म्हणजे स्वस्त मिळतेच असे नाही

साध्या औषधांच्या दुकानात "जेनेरिक द्या" असे सांगितले की स्वस्त औषध हाती येईल, असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. अनेक मोठ्या कंपन्या एकाच औषधाचे दोन प्रकार बाजारात आणतात. एकाचा प्रचार डॉक्टरांकडे होतो. दुसरा प्रकार प्रचाराविना थेट घाऊक व किरकोळ विक्रेत्यांना दिला जातो. व्यापारात यालाच जेनेरिक म्हणतात. या दुसऱ्या प्रकाराची दुकानदाराला पडणारी किंमत अतिशय कमी असते, पण वेष्टनावरील छापील किंमत कित्येकदा ब्रँडच्या जवळपास जाणारी असते. मधला फरक दुकानदाराच्या पदरात पडतो. रुग्णाला पूर्ण छापील किंमत आकारली गेली, तर त्याची बचत नाममात्र होते.

म्हणून अशा दुकानात जेनेरिक घेताना छापील किमतीवर किती सवलत आहे हे स्पष्ट विचारले पाहिजे. ठोक दहा टक्के सवलतीवर समाधान मानण्याचे कारण नाही. कर्करोगावरील ४२ औषधांच्या बाबतीत सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये व्यापारी नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा काही ब्रँडांच्या किमती ९० टक्क्यांपर्यंत उतरल्या. छापील किमतीत व्यापाराचा वाटा किती मोठा असू शकतो, याचा तो पुरावा होता. रक्तदाब-मधुमेहाच्या औषधांना मात्र अशी मर्यादा अद्याप लागू नाही.

दुकानदार स्वतःहून बदल करू शकत नाही

अनेक देशांत औषधविक्रेता चिठ्ठीवरील ब्रँडऐवजी तेच औषध दुसऱ्या कंपनीचे देऊ शकतो. भारतात औषध नियम, १९४५ मधील नियम ६५ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाऐवजी, घटक तोच असला तरी, दुसरे उत्पादन देण्यास विक्रेत्याला मनाई आहे. डॉक्टरांनी ब्रँड लिहिला असेल तर कायद्याने तोच द्यावा लागतो. बाजारात या नियमाचे पालन कितपत होते हा वेगळा विषय आहे. रुग्णाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की स्वस्त पर्यायाची सुरुवात औषधाच्या दुकानात होत नाही, डॉक्टरांच्या खोलीत होते.

तेथे विनंती करण्यास संकोच बाळगण्याचे कारण नाही. "डॉक्टरसाहेब, या औषधांना महिन्याला इतका खर्च येतो, मूळ नाव लिहून द्याल का, किंवा याच गुणाचे कमी किमतीचे औषध चालेल का?" एवढे विचारणे पुरेसे असते. बहुतेक डॉक्टरांना आपण लिहिलेल्या औषधांची एकूण किंमत ठाऊक नसते. बिल सोबत नेले तर चर्चा लवकर मुद्द्यावर येते. चिठ्ठी किती महिन्यांसाठी आहे हेही लिहून घ्यावे. कायद्यानुसार, पुन्हा औषध देण्याची सूचना नसलेल्या चिठ्ठीवर एकदाच औषध देता येते. मुदत लिहिलेली असली की केवळ चिठ्ठी नवी करण्यासाठी तपासणी शुल्क भरण्याची वेळ वारंवार येत नाही.

गुणवत्तेची शंका

स्वस्त औषध गुण देईल का, ही शंका स्वाभाविक आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दरमहा निकृष्ट ठरलेल्या औषधांच्या बॅचची यादी प्रसिद्ध करते. त्या यादीत अल्पपरिचित उत्पादकांबरोबर नामवंत कंपन्यांची औषधेही आढळली आहेत. म्हणजे किंमत हा गुणवत्तेचा भरवशाचा निकष नाही, महाग औषधाच्या बाबतीतही नाही. पाण्यात कमी विरघळणाऱ्या घटकांच्या गोळ्या शरीरात मूळ औषधाइतक्याच शोषल्या जातात हे चाचणीने सिद्ध करण्याचे बंधन एप्रिल २०१७ मध्ये घालण्यात आले. त्यापूर्वी परवाना मिळालेल्या उत्पादनांबाबत तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत.

व्यवहारात उपयोगी पडणारी कसोटी सोपी आहे. औषधाची कंपनी बदलल्यानंतर काही आठवड्यांनी रक्तदाब, साखर किंवा कोलेस्टेरॉल यांची तपासणी करावी. आकडे पूर्वीसारखेच राहिले तर बदल यशस्वी झाला. पक्के बिल आणि स्ट्रिपवरील बॅच क्रमांक जपून ठेवावा. सुटी स्ट्रिप कापून घेताना मुदत छापलेला भाग आपल्याकडे राहील असे पाहावे. बाजारातील आघाडीच्या ३०० ब्रँडांवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड किंवा बारकोड बंधनकारक आहे. तो तपासून औषधाची सत्यता पडताळता येते.

काही औषधांच्या बाबतीत मात्र कंपनी बदलण्याची घाई करू नये. थायरॉइडसाठीचे लेव्होथायरॉक्सिन, रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन, फेफऱ्यावरील फेनिटॉइन व कार्बामॅझेपिन, मानसिक आजारावरील लिथियम आणि अवयव प्रत्यारोपणानंतरचे टॅक्रोलिमस यांचा परिणाम मात्रेतील अल्पशा फरकानेही बदलू शकतो. बदल करायचाच असेल तर तो डॉक्टरांना सांगून, रक्ततपासणीचे वेळापत्रक ठरवून करावा आणि नंतर त्याच उत्पादकाचे औषध कायम ठेवावे. दम्याच्या इनहेलरचे उपकरण आणि इन्सुलिनचे पेन बदलतानाही वापराची पद्धत नव्याने शिकून घ्यावी लागते.

पेटंट संपते, चिठ्ठी तीच राहते

मधुमेह व हृदयविकारावरील अनेक नवी औषधे गेल्या काही वर्षांत पेटंटमुक्त झाली आहेत. एम्पाग्लिफ्लोझिनच्या एका गोळीला पूर्वी सुमारे ६० रुपये पडत. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपताच अनेक भारतीय कंपन्यांनी ते बाजारात आणले आणि दर साडेपाच ते पंधरा रुपयांच्या आसपास आले. रोज एक गोळी घेणाऱ्याचा वर्षाचा खर्च बावीस हजारांच्या घरातून साडेपाच हजारांच्या आत आणता येणे शक्य झाले. तथापि ज्यांची चिठ्ठी जुनी आहे आणि जे दरमहा तेच वेष्टन दाखवून औषध घेतात, त्यांच्यापर्यंत ही स्वस्ताई आपोआप पोहोचत नाही. महागड्या नव्या औषधाचे पेटंट संपले आहे का, हा प्रश्न वर्षातून एकदा डॉक्टरांना विचारणे योग्य ठरेल.

कराच्या बाबतीतही असाच बदल झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला आणि कर्करोग व दुर्मिळ आजारांवरील औषधांसह ३३ औषधांवरील कर पूर्ण माफ झाला.

चिठ्ठीची झाडाझडती

खर्च कमी करण्याचा सर्वांत दुर्लक्षित मार्ग म्हणजे अनावश्यक झालेले औषध थांबवणे. वयोवृद्ध रुग्ण हृदयरोग, मधुमेह, सांधे आणि पोट यांसाठी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातो. प्रत्येक जण आपली दोन औषधे लिहितो आणि आधीची कोणी काढत नाही. रुग्णालयातून घरी सोडताना पंधरा दिवसांसाठी दिलेली आम्लपित्ताची गोळी पाच वर्षे चालू राहिल्याचे दिसते. स्टेंट बसवल्यावर अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला दिलेले दुसरे औषध बहुधा ठरावीक मुदतीसाठी असते. मुदत सरल्यावर ते चालू ठेवायचे की नाही याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनी घ्यायचा असतो. तो निर्णय विचारलाच गेला नाही, तर खर्च आणि रक्तस्रावाचा धोका दोन्ही वाढतात. उलट रुग्णाने ते स्वतःहून बंद केले, तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती असते.

याहून गंभीर प्रकार म्हणजे एकच औषध दोन ब्रँडनावांनी घेतले जाणे. एका डॉक्टरांनी एक नाव लिहिले, दुसऱ्यांनी दुसरे. रुग्ण दोन्ही गोळ्या भक्तिभावाने घेतो आणि चक्कर येऊन पडल्यावर खुलासा होतो. घरातील सर्व स्ट्रिपा एका पिशवीत घालून वर्षातून एकदा नेहमीच्या डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. प्रत्येक गोळी कशासाठी आहे आणि ती अजून हवी आहे का, हे विचारावे. टॉनिक, प्रोटीनची भुकटी, बहुजीवनसत्त्वांच्या गोळ्या यांवर होणारा खर्च या वेळी बहुधा प्रथमच लक्षात येतो. अर्थात सर्वच जीवनसत्त्वे निरर्थक नसतात. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ ची कमतरता निर्माण होऊ शकते आणि तेथे पूरक गोळी आवश्यक असते.

मोफत औषधे कोणाला

सरकारी रुग्णालयांतील मोफत औषधांचा लाभ मध्यमवर्ग फारसा घेत नाही. त्यामागे गैरसोय असते, तशीच प्रतिष्ठेची कल्पनाही असते. मात्र असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली प्राथमिक केंद्रांवर आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांत रक्तदाब व मधुमेहाची मूलभूत औषधे विनामूल्य दिली जातात. मेटफॉर्मिन आणि अ‍ॅम्लोडिपिनवर ज्यांचा आजार नियंत्रणात आहे, त्यांची महिन्याची गरज तेथे भागू शकते.

राज्यांची व्यवस्था निरनिराळी आहे. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले; ते इतर राज्यांना आदर्श ठरले. राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क करण्यात आले. पश्चिम बंगालमध्ये २०१२ पासून सरकारी रुग्णालयांच्या आवारात रास्त दराची औषध दुकाने आहेत. तामिळनाडूने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'मुदलवर मरुंदगम' या नावाने एक हजार स्वस्त औषधालये सुरू केली. नोकरीनिमित्त परराज्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी तेथील व्यवस्थेची चौकशी करणे लाभाचे ठरेल.

केंद्रीय कर्मचारी व निवृत्तिवेतनधारकांना केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या दवाखान्यांतून औषधे मिळतात. कर्मचारी राज्य विमा योजनेतील एक तरतूद अनेकांना माहीत नसते. किमान पाच वर्षे विमाधारक राहून सेवानिवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला केवळ १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पती किंवा पत्नीसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते.

खरेदी आणि करसवलत

नियमित गिऱ्हाइकाला बहुतेक दुकानदार सवलत देतात, पण ती मागावी लागते. इंटरनेटवरील औषधविक्री सेवांचे दर तुलनेसाठी उपयुक्त असतात; खरेदी करायची असल्यास विक्रेत्याचा परवाना क्रमांक बिलावर आहे का हे पाहावे. सवलतीच्या मोहाने वर्षभराचा साठा करणे शहाणपणाचे नाही, कारण मात्रा बदलली की उरलेल्या गोळ्या वाया जातात. मात्रा स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांची एकत्रित खरेदी पुरेशी आहे. जास्त मात्रेची गोळी घेऊन ती अर्धी करणे काही औषधांत स्वस्त पडते. मात्र गोळीवर मध्ये खाच असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल तरच असे करावे. हळूहळू विरघळणाऱ्या, नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल अशी अक्षरे असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नयेत आणि चुरडू तर मुळीच नयेत.

आयकराच्या जुन्या प्रणालीची निवड करणाऱ्यांसाठी १९६१ च्या कायद्यातील कलम ८०डी महत्त्वाचे आहे. साठ वर्षांवरील ज्या व्यक्तीचा आरोग्यविमा नाही, तिच्या औषधोपचारांच्या खर्चावर ५० हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते. देयके रोखीने दिलेली नसावीत, ही अट आहे. कर्करोग, मूत्रपिंडाचा जुना विकार, पार्किन्सन यांसारख्या विहित आजारांसाठी कलम ८०डीडीबी अन्वये ४० हजार आणि ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत एक लाख रुपयांपर्यंत वजावट आहे. १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या आयकर कायदा, २०२५ मध्ये या कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, त्यामुळे विवरणपत्र भरताना ते तपासून घ्यावेत.

छापील किमतीहून अधिक रक्कम आकारली गेल्यास किंवा कमाल किमतीपेक्षा जास्त दर छापलेला आढळल्यास मूल्य निर्धारण प्राधिकरणाकडे १८०० १११ २५५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. कंपनीने जादा किंमत आकारल्याचे सिद्ध झाल्यास ती रक्कम व्याजासह वसूल करण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. तक्रारीसोबत बिलाची प्रत आणि वेष्टनाचे छायाचित्र असल्यास चौकशी सुकर होते.